खुराड्याची राखण

‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी नित्याची आहे. सत्य दडपू पाहणाऱ्याला चार शब्द सुनवायचे असले म्हणजे ती आपल्या ओठांवर येते. कचेऱ्यांच्या कारभारात तर तिला विशेष वाव मिळतो. परंतु म्हणीच्या तात्पर्याकडे धाव घेताना तिच्यातील वस्तुस्थितीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. कोंबडे मुळात झाकायचे कशासाठी? उजाडू नये म्हणून खचितच नव्हे. दिवस मावळला की कोंबड्यावर बांबूचे डालगे पालथे घालायचे आणि वर एक दगड ठेवायचा, हा आपल्या खेड्यांतील रोजचा परिपाठ होता. आणि तो कोल्हा, बाऊल व उदमांजर यांच्या भयाने पडलेला होता. तात्पर्य सांगता सांगता म्हणीने या परिपाठाची खूण नकळत जपून ठेवली आहे.

अशी खूण म्हणीतच सापडावी, ग्रंथांत फारशी सापडू नये, यालाही कारण आहे. गावठी कोंबडा, म्हणजे ग्रामकुक्कुट, मनुस्मृतीने द्विजांना निषिद्ध ठरविला. पांढरपेशा घरांच्या परसात तुळस होती, गाय होती, क्वचित पोपटाचा पिंजराही होता. कोंबडीला मात्र तेथे थारा नव्हता. ज्यांच्या हाती लेखणी त्यांच्या घरी खुराडे नाही, आणि ज्यांच्या घरी खुराडे त्यांच्या हाती लेखणी नाही, अशी ही स्थिती. त्यामुळे कोंबडीच्या राखणीचा इतिहास सांगायचा तर तो देशोदेशींच्या तुटक उल्लेखांतून जुळवावा लागतो. विषय क्षुल्लक वाटेल हे आम्ही जाणतो. परंतु बृहन्महाराष्ट्रातील आमचे बहुतेक वाचक या ना त्या नात्याने राज्यकारभाराशी संबंध असलेले आहेत, आणि या क्षुल्लक विषयाच्या पोटात राज्यकारभाराचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. राखण कोणी करायची, आणि ती टाळण्यासाठी केलेल्या उपायांची किंमत कोणी मोजायची, हा तो प्रश्न होय.

आरंभ अर्थातच रानातून करावा लागतो. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला लाल रानकोंबडा होय. सह्याद्रीत आढळणारा करडा रानकोंबडा हा त्याचा भाऊबंद. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळेपणा या करड्या शाखेकडून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखवून दिले. कोंबडी माणसाळली केव्हा, यावर विद्वानांचा वाद पुष्कळ झाला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासाने पूर्वीचे अनेक दाखले बाद ठरविले, आणि मध्य थायलंडातील बान नॉन वाट येथे सापडलेली, इ. स. पू. १६५० ते १२५० या काळातील हाडे हा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा मानला. धान्याच्या शेतीने या पक्ष्याला रानातून ओढून आणले, असे त्या संशोधकांचे मत आहे. शेतात दाणे सांडले, त्यांच्या मोहाने पक्षी झाडीतून बाहेर आला आणि हळूहळू अंगणात रुळला.

या सोयरिकीत पक्ष्याने काय गमावले ते पाहण्यासारखे आहे. रानकोंबड्याच्या जिवाला तीन आधार असतात: दिवसा झुडपांचा आडोसा, संकटकाळी पंखांचे बळ आणि रात्री झाडाची फांदी. माणसाने दाणे दिले, पण अंगण सारवून मोकळे केले, तेव्हा आडोसा गेला. अधिक मांसाच्या व अधिक अंड्यांच्या हव्यासाने त्याने पक्ष्याचे अंग जड केले, तेव्हा पंख दुबळे झाले. उरली ती जुनी सवय. आजही सांज झाली की कोंबडी आपण होऊन उंच जागा शोधू लागते. कोंबड्याची जागरूकताही उरली आहे. पीटर मार्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, आकाशातून येणाऱ्या शत्रूसाठी कोंबड्याची एक हाक असते आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी दुसरी; पहिली ऐकताच कोंबड्या आडोशाला धावतात, दुसरी ऐकताच माना ताठ करून पाहू लागतात. इशारा देण्याची शक्ती शिल्लक राहिली, प्रतिकाराची मात्र माणसाकडे गहाण पडली. तेव्हा खुराडे बांधणे हा माणसाचा उपकार नव्हे. घेतलेल्या फांदीची ती परतफेड आहे.

आपल्याकडील जुन्या ग्रंथांत या परतफेडीचा एक महत्त्वाचा धागा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मिळतो. प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, हे मराठी वाचकांस ठाऊकच आहे. त्यातील कण्टकशोधन नावाच्या चौथ्या अधिकरणात कोंबडा, मुंगूस, मांजर, कुत्रा आणि डुक्कर ही हलक्या किमतीची जनावरे चोरणाऱ्यास किंवा मारणाऱ्यास ५४ पण दंड, अथवा नाकाचा शेंडा कापण्याची शिक्षा सांगितली आहे. या यादीत कोंबडा व त्याला खाऊ शकणारे दोन प्राणी एकाच ओळीत बसले आहेत, हे मोठे बोलके आहे. उंदीर व साप यांच्यासाठी मांजर आणि मुंगूस पाळायचे, आणि त्या दोघांपासून कोंबडी सांभाळायची, असा हा तिपेडी संसार होता. त्याच ठिकाणी पुढे असेही म्हटले आहे की, ही जनावरे चांडाळांची किंवा अरण्यवासी लोकांची असतील तर दंड निम्मा घ्यावा. कोंबडी तीच, अंडी तीच, पण मालक गरीब म्हणून तिची किंमत निम्मी! ही वजाबाकी आम्ही वाचकांनी ध्यानात ठेवावी अशी विनंती करतो, कारण पुढील इतिहासात ती निरनिराळ्या वेषांत पुन्हा भेटणार आहे.

राखणीची व्यवस्था सविस्तर लिहून ठेवण्याचा मान मात्र रोमन लेखकांकडे जातो. इ. स. पू. ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, वार्रोने शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात कोंबड्यांच्या आवारावर जाळे ताणावे, म्हणजे त्या बाहेर उडून जाणार नाहीत आणि ससाणा आत झेपावणार नाही, असा सल्ला आहे. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेल्ला याने तर खुराड्याचा नकाशाच शब्दांत काढून ठेवला. खुराडे हिवाळ्यातील उगवत्या सूर्याकडे तोंड करून असावे. ते स्वयंपाकघराला किंवा भट्टीला लागून असावे, कारण धूर या पक्ष्याला मानवतो. भिंती आतून व बाहेरून गुळगुळीत गिलाव्याच्या असाव्यात, म्हणजे मांजराला वा सापाला त्यांवर चढता येणार नाही. बसायच्या काठ्या जमिनीपासून उंच, आणि गोल नव्हेत तर चौकोनी तासलेल्या असाव्यात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या सूचना वाचताना, त्या लिहिणाऱ्याने स्वतः मध्यरात्री कंदील घेऊन खुराड्याकडे धाव घेतली असली पाहिजे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

पण कोलुमेल्लाचे खरे शहाणपण भिंतीत नाही. ते एका वाक्यात आहे. एका राखणदाराकडे दोनशेहून अधिक पक्षी देऊ नयेत, आणि तेही चुकार पक्ष्यांवर नजर ठेवायला एखादी दक्ष म्हातारी किंवा मुलगा नेमला असेल तरच, अन्यथा माणसे आणि दबा धरून बसलेली जनावरे त्यांचा फडशा पाडतील, असे तो सांगतो. जाळे झाले, गिलावा झाला, तरी अखेरीस म्हातारी लागतेच! चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर याने कोल्हा व कोंबडा यांची गोष्ट सांगितली, तिच्यातही कोंबडा एका गरीब विधवेचा आहे. तिच्या आवाराला काठ्यांचे कुंपण आणि बाहेर कोरडा चर आहे, तरी कोल्हा शिरतोच, आणि शेवटी म्हातारी, तिच्या मुली व कुत्री आरडाओरड करीत त्याच्यामागे धावतात. रोमपासून इंग्लंडपर्यंत आणि इंग्लंडपासून कोकणापर्यंत कोंबडीची राखण हे म्हाताऱ्यांचे व पोरांचे काम राहिले, कारण ज्यांच्या वेळेला बाजारात मोल नाही त्यांच्याच वेळेवर ही राखण चालत आली.

आपल्या कोकणातील व देशावरील पद्धत या प्राचीन पद्धतीशी थेट नाते सांगणारी आहे. जोत्यात किंवा ओसरीखाली मातीचे अथवा जांभ्या दगडाचे बुटके खुराडे, त्याला एक हातभर दार, दाराला फळी आणि फळीला दगड. पिलांवर व अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीवर डालगे. परंतु या साध्या साधनांमागे दिवसाच्या प्रहरांचे बारकाईचे ज्ञान होते. ऊन चढले की घार आणि शिक्रा यांची भीती. भर दिवसा, पण माणसांची चाहूल नसेल तेव्हा, मुंगसाची. तिन्हीसांजेला कोल्ह्याची व बाऊलाची. रात्री उदमांजर, आणि रान जवळ असेल तर बिबट्या. नाग अंडे गिळतो, मागे टरफलही ठेवत नाही. प्रत्येक शत्रूची वेळ ठरलेली, म्हणून प्रत्येक वेळेचा उपायही ठरलेला: सकाळी दार उघडताना मोजणी, दुपारी ओट्यावर निवडण-टिपण करीत बसलेल्या आजीची नजर, संध्याकाळी पुन्हा मोजणी आणि दार बंद. शत्रू नाहीसा करण्याची महत्त्वाकांक्षा या व्यवस्थेत कोठेही नाही. कोल्हा आहे, तो राहणार. घार आहे, ती फिरणार. वर्षाकाठी दोनचार पिले जाणार. आपण आपले दार लावायचे, एवढाच तिचा दावा आहे. या विनम्र दाव्याला आम्ही राखण म्हणतो. हिच्या उलट, शत्रूचे निर्मूलन करून एकदाचे सुटावे हा जो विचार, त्याला संहार म्हटले पाहिजे; आणि तो विचार म्हातारीच्या डोक्यात नव्हे, सरकारच्या डोक्यात जन्माला आला.

इंग्लंडात १५६६ साली, एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, धान्याच्या संरक्षणाचा एक कायदा झाला. उपद्रवी ठरविलेल्या पशुपक्ष्यांची मुंडकी आणून देणाऱ्यास गावच्या निधीतून इनाम मिळू लागले. कोल्ह्याच्या वा बिज्जूच्या मुंडक्याला १२ पेन्स असा दर होता. पुढे या कोल्ह्याचे दैव मोठे विलक्षण फिरले. घोड्यावर बसून त्याची शिकार करणे हा सरदार-जमीनदारांचा आवडता खेळ झाला, तेव्हा खेळासाठी कोल्हा शिल्लक राहणे अगत्याचे ठरले. शेतकऱ्याने कोल्हा मारणे असभ्यपणाचे मानले जाऊ लागले, आणि त्याच्या कोंबड्या गेल्या तर शिकारी मंडळांच्या ‘कोंबडी फंडा’तून भरपाई देण्याची प्रथा पडली. ज्या घारीला मात्र असा कोणी वाली नव्हता, ती तांबडी घार पिले पळविणारी व शिकारीच्या पक्ष्यांची शत्रू म्हणून मारली जाऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंड व स्कॉटलंडमधून नाहीशी झाली. वेल्समध्ये थोड्या उरल्या. १९८९ पासून परदेशांतून पिले आणून तिचे पुनर्वसन करावे लागले. प्राणी उपद्रवी की उपयुक्त, हा निवाडा त्याच्या कृत्यांवरून झाला नाही. निवाडा करणाऱ्याच्या सोयीवरून झाला.

इनामाच्या मार्गाचा सर्वांत उद्बोधक अध्याय मात्र अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया संस्थानात लिहिला गेला, आणि हिशेबाची आवड असणाऱ्या वाचकांनी तो मुद्दाम पाहावा. १८८५ च्या जूनमध्ये तेथील विधिमंडळाने एक कायदा केला. बहिरी ससाणे, घुबडे, विझल व मिंक हे प्राणी कोंबड्या खातात, सबब त्यांपैकी कोणताही मारून आणणाऱ्यास ५० सेंट इनाम द्यावे, आणि त्याचे प्रतिज्ञापत्र नोंदविणाऱ्या अधिकाऱ्यास २० सेंट शुल्क मिळावे, असे ठरले. प्रत्येक मुडद्यामागे लिहिणाऱ्याच्याही पदरात काही पडणार म्हटल्यावर कारभार जोरात चालला यात नवल नाही. दीड वर्षात ९०,००० डॉलर खर्ची पडले, म्हणजे १,२८,५७१ जीव मारले गेले.

केंद्र सरकारच्या कृषिखात्यात पक्षी व सस्तन प्राणी यांचा शेतीच्या दृष्टीने अभ्यास करणारा एक विभाग नुकताच निघाला होता. त्याचे प्रमुख क्लिंटन हार्ट मेरियम यांनी १८८६ च्या अहवालात या कायद्याचा ताळेबंद मांडला. त्यांचा अंदाज असा की, संस्थानात ससाणे व घुबडे वर्षाला सुमारे ५,००० कोंबड्या नेत असतील. प्रत्येकी २५ सेंट धरले तर नुकसान १,२५० डॉलर, दीड वर्षाचे १,८७५ डॉलर. एवढे वाचविण्यासाठी खजिन्यातून नव्वद हजार गेले. येथवरचा हिशेब धरला तरी एक डॉलर वाचविण्यास अठ्ठेचाळीस डॉलर पडले! परंतु मेरियम तेथे थांबले नाहीत. मारलेला प्रत्येक जीव जगता तर वर्षाला निदान एक हजार शेतउंदीर खाता, आणि प्रत्येक उंदीर दोन सेंटांचे धान्य नासतो, असे धरून त्यांनी वाढलेल्या उंदरांचे नुकसान ३८,५७,१३० डॉलर काढले. वाचविलेल्या प्रत्येक डॉलरमागे संस्थानाने २,१०५ डॉलर घालविले, असा त्यांचा निष्कर्ष होता. उंदरांचा हिशेब अनुमानाचा आहे, हे उघड आहे. पण त्याची दिशा बरोबर होती. याच विभागातील ए. के. फिशर यांनी १८९३ साली अडीच हजारांहून अधिक ससाण्यांच्या व घुबडांच्या पोटांची तपासणी प्रसिद्ध केली, आणि बहुतेक जातींचे मुख्य अन्न उंदीर व कीटक हेच असल्याचे दाखविले. कोंबड्या उचलणाऱ्या जाती मोजक्याच होत्या. शिक्षा मात्र सर्व गोत्राला झाली होती.

पेनसिल्व्हेनियाने शत्रू मारायला माणसांना पैसे दिले. त्याच्या आधीच जमैकाने दुसरी युक्ती काढली होती: शत्रू मारायला शत्रूचा शत्रू आणायचा. हा शत्रूचा शत्रू आपल्याच देशातून गेला, म्हणून ही कथा आपल्याला अधिक जवळची आहे.

वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर उसाचे मोठाले मळे होते आणि त्या उसाला जहाजांतून आलेल्या उंदरांचा भयंकर उपद्रव होता. मळेवाल्यांनी नाना उपाय करून पाहिले. १८४४ साली उंदरांवर सोडण्यासाठी मोठ्या जातीचे भेकही आणविले, पण गुण आला नाही. कलकत्त्याहून तेथे जहाजे जातच होती. १८४५ पासून करारबद्ध हिंदी मजूर त्याच वाटेने मळ्यांवर नेले जात होते. १८७२ च्या फेब्रुवारीत विल्यम बँक्रॉफ्ट एस्प्यूट या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसे आणवून घेतली: चार नर, पाच माद्या. ही आपल्या महाराष्ट्रात सर्वत्र दिसणाऱ्या करड्या मुंगसाची जात नव्हे. उत्तर हिंदुस्थानातील व बंगालमधील आकाराने लहान अशी जात होय. त्या नऊ जीवांची वीण झपाट्याने वाढली. प्रारंभी उंदीर खरोखरच कमी झाले, उसाचे नुकसान घटले, आणि १८८२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या इतिवृत्तात एस्प्यूटने आपल्या यशाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. क्यूबा, पोर्तो रिको, बार्बाडोस, ग्रेनाडा अशा बेटांवरील ऊसवाल्यांमध्ये या प्राण्याचा बोलबाला वाढला. १८८३ साली हवाई बेटांतील मळेवाल्यांनी जमैकाहून ७२ मुंगसे मागविली. फिजीतही त्याच साली मुंगूस पोहोचले.

मुंगसाच्या नावाभोवती आपल्याकडे पूर्वापार एक तेजोवलय आहे. बाळाला सापापासून वाचविणारे आणि घाईने मारले गेलेले इमानी मुंगूस पंचतंत्रातून घरोघरी पोहोचले. १८९४ च्या ‘द जंगल बुक’मध्ये किप्लिंगने त्याला इंग्रजी वाचकांचा लाडका शिपाई बनविले. परंतु त्या सुमारास जमैकात हा शिपाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी, उंदीर रात्री. जमिनीवरचे उंदीर कमी झाले, पण काळे उंदीर झाडांवर वस्ती करून सुरक्षित राहिले. मग दिवसाढवळ्या, जमिनीवर, हाताशी सापडेल असे अन्न कोणते? सरडे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, आणि परसातल्या कोंबड्या. १८९० साली जमैकाच्या सरकारला मुंगसाच्या उपद्रवाची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला.

आता या कोंबड्या कोणाच्या होत्या, हे विचारले पाहिजे. मळेवाल्याची संपत्ती उसात होती. गुलामगिरीतून १८३८ साली पूर्णपणे मुक्त झालेल्या लोकांनी मळ्यांपासून दूर डोंगरउतारांवर लहान लहान जमिनी धरल्या होत्या. कंद, केळी, एखादी शेळी आणि दारापुढे चार कोंबड्या हा त्यांचा संसार होता. मळ्यावरचे उंदीर हटविण्यासाठी आणलेल्या प्राण्याने या लोकांच्या दारापुढची पुंजी खाल्ली. उपायाचा लाभ एकाच्या खात्यावर आणि खर्च दुसऱ्याच्या, अशी ही जमाखर्चाची मांडणी होती. एस्प्यूटने कोणाचे वाईट चिंतिले होते असे म्हणण्यास आधार नाही. त्याने आपले दुःख पाहिले, त्यावर उपाय काढला आणि पहिल्या काही वर्षांचे यश पाहून तो थांबला. शेजारच्या डोंगरावरील म्हातारीची कोंबडी त्याच्या हिशेबाच्या वहीत नव्हती. कौटिल्याच्या वेळी ती निदान निम्म्या किमतीने तरी धरली गेली होती!

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. जमैकातील खेडुतांच्या खुराड्याची सारी रीत रात्रीच्या व आकाशातल्या शत्रूंवर बेतलेली असणार. भर दुपारी गवतातून सरकत येणारा शत्रू त्या बेटाला नवा होता. आपल्याकडे मुंगूस आणि कोंबडी शतकानुशतके शेजारी राहिली. येथे मुंगसाला खायला साप, विंचू, उंदीर असे पुष्कळ होते, त्याला खाणारेही होते, आणि दुपारी ओट्यावर बसलेल्या आजीला त्याची चाल ठाऊक होती. प्राणी जहाजातून नेता येतो. त्याच्या भोवतीचा हा सारा गोतावळा नेता येत नाही.

मेरियम यांच्याच विभागातील टी. एस. पामर यांनी १८९८ च्या वार्षिक ग्रंथात जमैकाचा हा अनुभव मांडून परकीय प्राणी आणण्याविरुद्ध इशारा दिला. आणि १९०० च्या लेसी कायद्याने अमेरिकेत ज्या प्राण्यांच्या आयातीस नाव घेऊन मनाई केली, त्यांत मुंगूस होता. एवढा गाजावाजा झाल्यावर चूक थांबली असेल असे वाटते. पण १९१० साली जपानच्या ओकिनावा बेटावर गंगेच्या मुखाकडील प्रदेशातून मुंगसे नेण्यात आली. आणि १९७९ साली त्यांच्यापैकी सुमारे ३० अमामी ओशिमा बेटावर, हाबू नावाच्या विषारी सापांच्या नाशासाठी सोडण्यात आली. हाबू रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. उंदराच्या बाबतीत झालेली वेळेची चूक शंभर वर्षांनी सापाच्या बाबतीत जशीच्या तशी झाली, आणि त्या बेटावाचून जगात फारसा कोठे न आढळणारा काळा ससा त्या मुंगसांच्या तोंडी पडला. त्यांना पकडण्याची मोठी मोहीम चालवून अखेर २०२४ च्या सप्टेंबरात जपान सरकारने ते बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जाहीर केले. तीस जीव सोडायला एक दिवस पुरला असेल. ते परत घ्यायला पंचेचाळीस वर्षे लागली.

हवाई बेटांत याच कथेची दुसरी बाजू दिसते. तेथील काउआई बेटावर मुंगसांची वस्ती झालीच नाही. १९८२ व १९९२ च्या चक्रीवादळांत पिंजरे मोडून पाळीव कोंबड्या मोकळ्या झाल्या असे सांगतात. आज त्या बेटावर रस्तोरस्ती, बागांतून, समुद्रकाठी मोकाट कोंबड्यांचे थवे हिंडतात, आणि मुंगसाचा अभाव हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. ज्यांच्या माथ्यावर शत्रूच नाही अशा कोंबड्यांचा त्रास कसा होतो, हे तेथील रहिवाशांना पहाटे तीन वाजताच कळते.

आता आपल्या घरी परत येऊ. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण दिले आहे, आणि ते योग्यच आहे. दुसरीकडे, २०१९ च्या पशुगणनेत देशातील कोंबडीवर्गीय पक्ष्यांची संख्या ८५ कोटींवर भरली. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातील होते. म्हणजे मोठमोठ्या कुक्कुटशाळांच्या या काळातही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पक्षी अजून कोणाच्या तरी अंगणात, कोणाच्या तरी नजरेखाली आहेत. त्यांच्यासाठी विज्ञानानेही रानाकडे पाहिले, हे सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो. हैदराबाद येथील कुक्कुटपालन संशोधन संचालनालयाने परसासाठी ‘वनराजा’ नावाची जात तयार केली. तिची पिसे रंगीत आणि पाय लांब आहेत. कुक्कुटशाळेतील पांढऱ्या पक्ष्यासारखी ती दुरून शत्रूच्या डोळ्यांत भरत नाही आणि प्रसंग पडल्यास पळू शकते. साडेतीन हजार वर्षांत जे काढून घेतले, त्यातील थोडेसे असे परत देण्यात आले आहे.

तरीही दार लावायचे उरतेच. सरकार इनाम देऊ शकते, परदेशातून प्राणी आणवू शकते, पिलांचे वाटपही करू शकते, आणि या प्रत्येक गोष्टीचा आकडा तक्त्यात भरता येतो. सांजवेळी पक्षी मोजून दाराला फळी लावणाऱ्या हाताला मात्र तक्त्यात रकाना सापडत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाला तो सापडला नाही, जमैकाच्या मळेवाल्यालाही नाही. दूर प्रांतांत लोकांच्या सुखदुःखाचे कागद ज्यांच्या मेजावर येतात, त्या आमच्या वाचकांना कधीतरी कोल्ह्याच्या, बिबट्याच्या, रानमांजराच्या उपद्रवाचा एखादा अर्ज हाती पडेल. त्यावर शेरा मारण्यापूर्वी त्यांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: उपद्रव दिवसाच्या कोणत्या वेळी होतो, आणि त्या वेळी घरी कोण असते? बहुधा उत्तर एका म्हातारीपाशी येऊन थांबेल. तिला मजबूत फळी आणि चांगली कडी मिळवून देणे, हे कोणत्याही संहारापेक्षा स्वस्त पडते.